इमारतभर जोडलेली आगसूचना यंत्रणा : सोसायट्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या सोसायट्यांचे सेक्रेटरी, फ्लॅटमालक आणि इलेक्ट्रिशियन जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. हिशोबासाठी सगळीकडे एकच नमुना इमारत धरली आहे : खाली पार्किंग, वर ७ मजले, मजल्यावर टू-बीएचकेचे ४ फ्लॅट, म्हणजे एकूण २८ घरं. तुमची इमारत वेगळी असेल तर आकडे बदला, पद्धत तीच राहते.

१. ‘इंटरलिंक’ म्हणजे नेमकं काय? घरोघरी एकेक अलार्म लावला तर भागत नाही का?

नाही भागत. ४०२ ला कुलूप आहे आणि आत डिटेक्टर वाजतोय, तर ऐकणार कोण? जोडलेल्या यंत्रणेत ४०२ मधल्या डिटेक्टरची खबर खालच्या पॅनेलला, म्हणजे यंत्रणेच्या नियंत्रण-पेटीला जाते आणि पॅनेल इमारतभरचे हूटर (भोंगे) वाजवतं. त्यासाठी दोन वेगळ्या लाइनी लागतात. एक डिटेक्टरकडून पॅनेलकडे येणारी, दुसरी पॅनेलकडून हूटरकडे जाणारी.

दुसरा फायदा याहून मोठा आहे, पण तो कोटेशनमध्ये दिसत नाही. वायर तुटली, डिटेक्टर कोणी काढला, बॅटरी मेली, तर पॅनेल ‘फॉल्ट’ दाखवून पिकपिकतं. आग वर्षानुवर्षं लागत नाही. वायर मात्र दर दोन-चार महिन्यांनी कोणी ना कोणी तोडतं. तुटल्यावर जी वायर स्वतः बोंब मारते, तीच भरवशाची. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्यावर येऊन थांबतात.

२. आमच्या इमारतीला हे बंधनकारक आहे का?

बांधकामाच्या वेळची फायर एनओसी कपाटातून काढा. उंची आणि वापरानुसार कोणती साधनं हवीत, याची यादी तिच्यातच असते. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ चा भाग ४ हा त्यामागचा आधार, आणि डिटेक्टर-हूटर कसे बसवायचे याचं भारतीय मानक म्हणजे आयएस २१८९. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार ही साधनं चालू ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची, म्हणजे व्यवहारात सोसायटीची. ‘बिल्डरने दिलं तेव्हापासून बंदच होतं’ या उत्तराने ती टळत नाही.

एनओसीत नाव नसेल तरी स्वखुशीने बसवायला आडकाठी नाही.

३. हे काम आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन करू शकेल का?

त्याच कायद्याप्रमाणे हे काम महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना असलेल्या एजन्सीकडूनच करून घ्यायचं असतं. नेहमीचा माणूस त्यांच्या हाताखाली पाईप टाकू शकतो. पॅनेलचा २३० व्होल्टचा फीडरही तो देऊ शकतो, पण तो स्वतंत्र एमसीबीवरून. जिन्याच्या दिव्यांच्या सर्किटवर पॅनेल टांगलं की दिव्याचा होल्डर शॉर्ट झाल्या दिवशी पॅनेल बॅटरीवर जातं आणि दोनेक दिवसांनी गुपचूप मरतं. त्या एमसीबीवर लाल अक्षरांत ‘फायर पॅनेल – बंद करू नये’ असं लिहा.

४. ऑनलाइन मिळणारे घरगुती अलार्म एकमेकांना जोडले तर स्वस्तात काम होईल ना?

एका घरापुरतं होईल. २३० व्होल्टवर चालणाऱ्या जोडणीच्या अलार्मना फेज आणि न्यूट्रलशिवाय तिसरी वायर असते. तिच्यावरून एकाचा इशारा बाकीच्यांना जातो. सगळे अलार्म एकाच कंपनीचे आणि एकाच सर्किटवर हवेत, आणि किती जोडता येतील याची मर्यादा कंपनीच्या पत्रकात दिलेली असते.

ही तिसरी वायर एका फ्लॅटमधून दुसऱ्या फ्लॅटमध्ये कधीही नेऊ नका. मीटर वेगळे, बहुधा फेजही वेगळे. एका घराचा मेन स्विच पाडला तरी शेजारच्या घरातून त्या वायरवर व्होल्टेज येऊ शकतं आणि काम करणाऱ्याला झटका बसू शकतो. शिवाय गजर कुठून सुरू झाला हे शोधायला प्रत्येक दार वाजवत फिरावं लागतं, आणि ही वायर तुटली तर बहुतेक अलार्मना ते कळतही नाही.

पेठांमधल्या सहा-आठ घरांच्या जुन्या इमारतीत भिंती फोडणं शक्य नसेल तर वायरलेस प्रकार विचारात घ्या. पण स्लॅबमधून सिग्नल बराच कमजोर होतो, म्हणून विकत घेण्याआधी सगळी दारं बंद करून तळमजला ते वरचा मजला अशी चाचणी मागा.

५. कन्व्हेन्शनल घ्यावं की अ‍ॅड्रेसेबल?

कन्व्हेन्शनलमध्ये पॅनेल फक्त झोन, म्हणजे एका लाइनीवरच्या डिटेक्टरांचा गट सांगतं : ‘चौथा मजला’. अ‍ॅड्रेसेबलमध्ये ‘४०२, मागची बेडरूम’ असं कळतं.

नमुना इमारतीत घरटी ४ डिटेक्टर (हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर), म्हणजे मजल्यावर १६, आणि लॉबीतला १ मिळून १७. कन्व्हेन्शनल झोनवर २० च्या आत राहायचं असतं, तेव्हा मजला म्हणजे एक झोन हे गणित बसतं. मजल्यांचे ७, मीटर रूम आणि पार्किंगचा १, लिफ्ट मशीन रूमचा १ आणि कॉल पॉइंटचा (काच फोडून दाबायच्या बटणांचा) १ असे १० झोन होतात. १२ झोनचं पॅनेल घ्या, दोन शिल्लक राहू द्या. थ्री-बीएचके असतील तर मजल्यावर २१ होतात आणि एकाच मजल्याचे दोन झोन पाडावे लागतात. तिथे अ‍ॅड्रेसेबल सरळ पडतं.

कन्व्हेन्शनल घेतलंत तर प्रत्येक फ्लॅटच्या दारावर बाहेरून रिस्पॉन्स इंडिकेटर लावायला विसरू नका. आतल्या डिटेक्टरने खबर दिली की दारावरचा लाल दिवा लागतो. बंद फ्लॅट शोधायला वॉचमनला याहून सोपं साधन नाही.

अ‍ॅड्रेसेबलच्या लूपबद्दल एकच सावधगिरी. लूप पॅनेलमधून निघून परत पॅनेलला येतो, म्हणून एका जागी तुटला तरी दोन्ही बाजूंनी चालू राहतो. पण जाणारी आणि येणारी वायर एकाच पाईपात घातली तर ड्रिलच्या एका भोकात दोन्ही जातात. जाताना एका डक्टमधून, येताना दुसऱ्या बाजूने आणा, आणि मजल्यागणिक एक आयसोलेटर (शॉर्ट झालेला भाग तोडणारा) ठेवा. म्हणजे एका मजल्यावर शॉर्ट झालं तरी बाकीचे सहा जागे राहतात.

६. कोणत्या खोलीत कोणता डिटेक्टर?

हॉल, बेडरूम, बंदिस्त लॉबी आणि मीटर रूम इथे ऑप्टिकल स्मोक डिटेक्टर. स्वयंपाकघरात ठरावीक तापमानाला, साधारण ५७-५८ अंशांना काम करणारा हीट डिटेक्टर. तापमान झपाट्याने वाढलं की वाजणारा ‘रेट ऑफ राइज’ प्रकार ओट्याजवळ नको, कुकरची वाफ त्याला पुरते. पार्किंगमध्येही हीटच, कारण तिथे सकाळी गाड्यांचा धूर असतोच. बाथरूममध्ये काही लावायचं नाही.

छताचा कोणताही बिंदू स्मोक डिटेक्टरपासून ७.५ मीटरच्या आणि हीट डिटेक्टरपासून ५.३ मीटरच्या आत असावा. घरातल्या खोल्या त्यापेक्षा लहानच असतात, म्हणून अंतराची अडचण लांब लॉबीत आणि पार्किंगमध्ये येते. भिंतीपासून किमान ५० सेंटीमीटर, एसीच्या झोतापासून किमान १ मीटर लांब. आपल्याकडे छताच्या मधोमध पंखा असतो, तेव्हा डिटेक्टर पंखा आणि भिंत यांच्या मध्ये येतो. देवघराच्या बरोबर वर तो नको. उदबत्ती आणि कापूर रोज आहेत.

एकच डिटेक्टर परवडत असेल तर तो मीटर रूममध्ये लावा. सगळ्या इमारतीचा भार तिथून जातो, वायरींच्या टोकाच्या ढिल्या लग तिथेच तापतात, आणि ती खोली बहुधा जिन्याच्या पायथ्याशी असते. धूर थेट सुटकेच्या वाटेवर चढतो.

७. वायर कोणती आणि किती जाडीची?

तांब्याची, दोन कोअरची, १.५ चौरस मिमी, एफआरएलएस आवरणाची. उघड्या डक्टमध्ये आणि पार्किंगमध्ये आर्मर्ड (धातूच्या कवचाची) घ्या, उंदीर हे त्याचं पहिलं कारण. हूटरच्या लाइनीला फायर सर्व्हायव्हल केबल घ्यावी. एफआरएलएस आवरण आग पसरू देत नाही आणि धूर कमी करतं, पण ज्वाळेत ती वायर चालू राहीलच असं नाही. डिटेक्टरच्या वायरीचं काम आगीच्या सुरुवातीला होऊन जातं. हूटर मात्र आग भडकल्यावरही वाजत राहायला हवेत.

जाडी कमी का करू नये, ते हिशोबात पाहा. १.५ चौरस मिमीचा रोध किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम. ६० मीटरच्या लाइनीत जाणं-येणं मिळून १२० मीटर, म्हणजे १.४५ ओहम. अर्धा अँपिअर भार शेवटच्या टोकाला धरला तर पाऊण व्होल्टची घट. हीच लाइन ०.५ चौरस मिमीत ओढली तर घट २ व्होल्टच्या वर जाते. लाइट गेल्यावर २४ व्होल्टची बॅटरी उतरून २१ व्होल्टवर आली की वरच्या मजल्याचे हूटर घोगरे होतात.

वीजवाहिन्यांच्या पाईपात ही वायर घालायची नाही. स्लॅबमधून जिथे आरपार जाते तिथलं भोक फायर सीलंटने बुजवा. वाळू-सिमेंट कोंबून काम भागवलेलं बरंच दिसतं, पण केबलभोवती फट राहते आणि धूर तिथूनच चढतो.

८. ईओएल रेझिस्टर म्हणजे काय? तो पॅनेलमध्येच लावला तर काय बिघडतं?

सगळंच बिघडतं. ईओएल म्हणजे लाइनीच्या शेवटच्या टोकाला लावायचा रेझिस्टर. त्यातून सतत बारीकसा करंट वाहतो. तो थांबला की पॅनेल ओळखतं, वायर तुटली. त्याचा रोध किती हवा ते पॅनेलप्रमाणे बदलतं, ४.७ किलोओहम बराच आढळतो, पण पॅनेलच्या पुस्तकातलाच घ्या.

काम लवकर उरकायचं म्हणून तो पॅनेलच्या टर्मिनलमध्येच अडकवला तर पॅनेल कायम हिरवं राहतं. पलीकडे डिटेक्टर असोत की नसोत. काम ताब्यात घेताना प्रत्येक झोनचा ईओएल कुठे आहे ते बोट दाखवून दाखवायला सांगा आणि नकाशावर खूण करा.

९. वायरिंगमध्ये नेहमी चुकतं ते काय?

पहिली चूक ‘टी’ काढण्याची. मधल्या एका डिटेक्टरवरून बाजूच्या खोलीत फाटा नेला की तो फाटा ईओएलच्या वाटेवर येत नाही. तो तुटला तरी पॅनेल गप्प. कन्व्हेन्शनल लाइन माळेसारखी एका बेसमधून (डिटेक्टर ज्यात बसतो ती छतावरची बैठक) दुसऱ्या बेसमध्ये गेली पाहिजे.

दुसरी चूक बेसच्या आत असते. आलेली आणि पुढे जाणारी वायर दोन वेगळ्या टर्मिनलवर असायला हव्यात, म्हणजे डिटेक्टर फिरवून काढला की लाइन खंडित होते आणि फॉल्ट येतो. दोन्ही वायरी पिळून एकाच स्क्रूखाली घातल्या तर पेंटरने डिटेक्टर काढून खिडकीत ठेवलेला कोणाला कळणारच नाही.

पण हाच गुण कॉल पॉइंटच्या मुळावर येतो. काच फोडून दाबायचं बटण डिटेक्टरच्या पुढे त्याच लाइनीवर असेल तर डिटेक्टर काढल्यावर बटणही मुकं होतं. म्हणून प्रश्न ५ मध्ये कॉल पॉइंटला वेगळा झोन धरला आहे. बटण प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी, फरशीपासून सुमारे १.४ मीटरवर.

तिसरी चूक मेगरची, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राची. ५०० व्होल्टने इन्सुलेशन तपासायचं ते बेस रिकामे असताना आणि पॅनेलपासून लाइन सोडवून. डिटेक्टर बसवलेले असताना मेगर फिरवला तर एका झटक्यात पूर्ण झोनचे डिटेक्टर जळू शकतात.

शील्डवाली केबल असेल तर शील्ड पॅनेलच्या एकाच टोकाला अर्थ करा. दोन्हीकडे केलं तर अर्थ फॉल्ट शोधत बसाल.

१०. हूटर प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये आहे. पुरे ना?

झोपलेल्या माणसाला उठवायला उशीशी साधारण ७५ डेसिबल आवाज हवा. पॅसेजमधला हूटर १ मीटरवर १०० डेसिबलचा आहे असं धरू. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे ४ मीटरवरच्या मुख्य दाराशी ८८. बंद दार साधारण २० खातं, राहिले ६८. बेडरूमचं दार आणखी २०, राहिले ४८. वर पंखा किंवा एसी चालू. हूटर वाजत राहील आणि माणूस झोपून राहील.

उपाय म्हणजे बेडरूमच्या डिटेक्टरला साउंडर बेस, म्हणजे स्वतः वाजणारी बैठक. तो १ मीटरवर ८५ डेसिबलचा असला तरी २ मीटरवरच्या उशीशी ७९ मिळतात. कन्व्हेन्शनलमध्ये यासाठी बेडरूमपर्यंत चार वायरी न्याव्या लागतात, दोन डिटेक्शनच्या आणि दोन हूटर लाइनीच्या. नमुना इमारतीत ५६ साउंडर बेस आणि पॅसेजचे ७ हूटर होतात. ते डाव्या-उजव्या बाजूच्या दोन लाइनींत वाटा. खर्च इथेच वाढतो आणि कोटेशन घासाघीस करताना पहिली कात्री इथेच लागते. कात्री लावायचीच असेल तर पॅनेलच्या रंगीत पडद्याला लावा.

११. बॅटरी किती मोठी?

२४ तास शांत आणि नंतर अर्धा तास गजर, असा हिशोब धरतात. नमुना इमारतीत शांत असतानाचा करंट ०.१५ अँपिअर, गजराच्या वेळचा १.३ अँपिअर धरा. ०.१५ × २४ = ३.६, १.३ × ०.५ = ०.६५, बेरीज ४.२५. बॅटरी म्हातारी होते म्हणून सव्वापट केले की ५.३ अँपिअर-तास. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन एसएमएफ (पाणी न घालावं लागणाऱ्या सीलबंद) बॅटऱ्या सिरीजमध्ये लावा. दोन्ही एकाच वेळी बदला, तीन-चार वर्षांनी. बसवल्याची तारीख मार्करने अंगावर लिहून ठेवा. सोसायटीला जनरेटर असला तरी बॅटरीला सुट्टी नाही.

१२. फोडणीने, दिवाळीत किंवा फवारणीने उगाच गजर होतो. वॉचमनने हूटरची वायरच काढून ठेवली. काय करावं?

आधी वायर परत जोडा. मग कारण शोधा. गजर एकाच घरातून येत असेल तर बहुधा स्वयंपाकघर उघडं आहे आणि मिरचीच्या फोडणीचा धूर हॉलच्या डिटेक्टरवर जातो. डिटेक्टर ओट्यापासून लांब सरकवा किंवा तिथे मल्टिसेन्सर (धूर आणि उष्णता दोन्ही पाहणारा) लावा. पावसाळ्यात गजर होत असतील तर बेसमध्ये ओल किंवा आत शिरलेले बारीक किडे पाहा. वायर वरून येते ते भोक सिलिकॉनने बुजवलं की दोन्ही थांबतात.

डासांसाठी धुराची फवारणी किंवा लक्ष्मीपूजनाची रात्र असेल तर तेवढा झोन पॅनेलवरून ‘डिसेबल’ करा, वेळ वहीत लिहा आणि त्या वेळेपुरता माणूस फिरता ठेवा. डिसेबल केलेल्या झोनचा दिवा पॅनेलवर पिवळा दिसत राहतो. काढलेली वायर दिसत नाही, हाच फरक.

१३. पेंटरने डिटेक्टरवर प्लास्टिकची टोपी घातली होती. ती राहिली तर?

डिटेक्टर आंधळा होतो आणि पॅनेलला कळत नाही, कारण वायर शाबूत असते. टोप्या मोजून द्या, मोजून परत घ्या. रंग लागलेला डिटेक्टर पुसत बसू नका, बदला. नवीन फॉल्स सीलिंग केलं असेल तर डिटेक्टर त्याच्या खाली आला पाहिजे. पीओपीच्या वर अडकून राहिलेले डिटेक्टर दुर्मीळ नाहीत.

१४. पॅनेल ‘झोन फॉल्ट’ दाखवतंय. बिघाड कसा शोधायचा?

आधी त्या मजल्यावर काढलेला डिटेक्टर आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तेवढंच असतं. नसेल तर :

पॅनेलपाशी झोनच्या दोन वायरी सोडवा आणि त्या टर्मिनलमध्ये थेट ईओएल लावा. फॉल्ट गेला तर पॅनेल ठीक, बिघाड बाहेर. मग वायरी परत जोडून लाइनीच्या मधल्या बेसवर या, पुढे जाणारी जोडी सोडवा आणि तिथे ईओएल लावा. फॉल्ट गेला तर तो पुढच्या अर्ध्यात आहे, राहिला तर मागच्या. १७ डिटेक्टरच्या झोनमध्ये असं चार-पाच वेळा अर्धं केलं की नेमकी जागा सापडते. टोकापासून एकेक उघडत गेलात तर दुपार जाते.

फॉल्ट मधूनच येत-जात असेल तर ढिला स्क्रू किंवा पावसाचं पाणी. गच्चीवरची लिफ्ट मशीन रूम आधी पाहा.

१५. लिफ्ट, गेट आणि गॅस यांनाही जोडायचं का?

लिफ्टला हो. पॅनेलच्या रिलेचा पोटेन्शियल-फ्री (स्वतःचं व्होल्टेज नसलेला) संपर्क लिफ्टच्या कंट्रोलरला द्यायचा, म्हणजे गजर होताच लिफ्ट तळमजल्याला येऊन दार उघडून थांबते. लिफ्टच्या बाजूची जोडणी लिफ्ट कंपनीच्याच माणसाने करावी. चुंबकी कुलपाची दारं असतील तर रिलेने त्यांची वीज तोडायची. वीज गेली की उघडणारंच कुलूप हवं.

गॅसची गळती स्मोक डिटेक्टरला कळत नाही, त्याला वेगळा गॅस डिटेक्टर लागतो. पाईपचा गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून डिटेक्टर छताजवळ. सिलिंडरचा एलपीजी जड, म्हणून फरशीजवळ. सिलिंडर सोडून पाईपचा गॅस घेतलेल्या घरांत डिटेक्टर खालीच राहून जातो.

१६. गजर झाला की फायर ब्रिगेडला आपोआप कळतं का?

नाही. १०१ किंवा ११२ ला फोन माणसानेच करायचा. पॅनेलशेजारी सोसायटीचा पूर्ण पत्ता, विंगचं नाव आणि जवळची खूण मोठ्या अक्षरांत चिकटवा. घाबरलेला वॉचमन ते वाचून सांगू शकतो.

१७. तपासणी किती वेळा? फॉर्म बी म्हणजे काय?

परवानाधारक एजन्सीने यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म बी. कागद घेताना कोणते डिटेक्टर प्रत्यक्ष तपासले याची यादीही मागा.

मधल्या काळात सोसायटीने आठवड्याला एक कॉल पॉइंट दाबून पाहावा, दर वेळी वेगळ्या मजल्यावरचा. महिन्यातून एकदा एमसीबी पाडून, बॅटरीवर असतानाच गजर द्यावा. स्मोक डिटेक्टर चाचणीच्या स्प्रेनेच तपासा. उदबत्तीचा धूर आत चिकट थर ठेवतो.

१८. काही मालक आत येऊ देत नाहीत, काही फ्लॅट वर्षभर बंद. मग?

लाइन त्या फ्लॅटमधून आरपार नेऊ नका. नाहीतर एका हट्टी घरामुळे पुढची तीन घरं उघडी पडतात. लॉबीत प्रत्येक दाराबाहेर जंक्शन बॉक्स ठेवा आणि फ्लॅटची वायर तिथून आत जाऊन तिथेच परत आणा. चार वायरींचा हा फेरा असल्याने ‘टी’ होत नाही (प्रश्न ९). परवानगी नसेल तोवर लाइनीची आलेली आणि पुढे जाणारी जोडी बॉक्समध्येच एकमेकींना जोडून ठेवा आणि नकाशावर ‘आत डिटेक्टर नाही’ असं स्पष्ट लिहा. बंद फ्लॅटची किल्ली मिळाली की त्या दिवशीच आतले डिटेक्टर तपासून घ्या.

१९. आमचा पॅसेज दोन्ही बाजूंनी उघडा आहे. तिथे स्मोक डिटेक्टर लावावा का?

उपयोग नाही. वाऱ्याने धूर पांगतो आणि पावसाची झड आत जाते. तिथे फक्त कॉल पॉइंट आणि पाण्यापासून संरक्षण असलेला हूटर ठेवा. वाचलेला डिटेक्टर इलेक्ट्रिकल डक्टच्या आत, वरच्या टोकाला लावा.

२०. दोन फ्लॅट जोडून एक केला आहे. काही बदल लागतो का?

लागतो. भिंत पाडल्यावर छतावर बीम राहतो. तो छताच्या उंचीच्या १० टक्क्यांहून खोल असेल तर धूर अडवतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना डिटेक्टर हवा. जुन्या स्वयंपाकघराची बेडरूम झाली असेल तर तिथला हीट डिटेक्टर काढून स्मोक आणि साउंडर बेस लावा. बंद केलेल्या दारावरचा रिस्पॉन्स इंडिकेटर चालू दारावर आणा. पॅनेलजवळच्या नकाशावरही फ्लॅटचा नवा क्रमांक चढवा.